फोटोसाठी वर घेतलेला भार

३ फेब्रुवारी, सोमवार

बीडच्या प्रशिक्षण केंद्रात सोमेश्वर सर सांगायचे, गाडीवर रोज काय चुकलं ते संध्याकाळी वहीत लिहा. कुणी तपासणार नाही, म्हणून खोटं लिहू नका. दोन महिने लिहिलं. आज माजलगावच्या गोदामात कामाचा पहिला दिवस, म्हणून ही नवी वही.

गोदाम सोयाबीन आणि हरभऱ्याचं. पोत्यांच्या थप्प्या पार पत्र्यापर्यंत. फोर्कलिफ्ट एकच, पिवळी, मागून ठेचलेली. ती वीस वर्षं हरिबाकाका चालवतात. काटकुळा माणूस, साठीकडं झुकलेला. मी नमस्कार केला तर म्हणाले, "आधी गाडीला चक्कर मार."

मी चढून बसायला लागले.

"पायी. टायर बघ, साखळी बघ, तेल गळतंय का बघ."

मी चक्कर मारली. काय दिसलं, म्हणाले. सगळं ठीक आहे, म्हटलं. "पुन्यांदा मार." तिसऱ्या चकरेला दिसलं, उजवा फोर्क जागेवर धरणारी पिन बसलेलीच नव्हती. हमाल हसत होते. पिन काकांनीच काढून ठेवली असणार.

आजची चूक: पिन दिसली नाही. दुसरी: मनातल्या मनात काकांना शिवी दिली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अकरा हमालांसमोर काकांनी मला गाडीवरून खाली उतरवलं. मागं घेताना मी नुसता आरसा बघितला, मान वळवली नाही. त्यांनी पत्र्यावर हात आपटला, किल्ली काढून घेतली. "मान वळत न्हाई तवर गाडी न्हाई." दोन तास शटरपाशी उभी होते. बाई आहे म्हणून करतात हे सगळं. पुरुष असता तर दोन शिव्या देऊन सोडून दिलं असतं.

छबुमावशींनी चहा दिला. त्या सांडलेलं धान्य झाडून गोळा करतात आणि रिकामा बारदाना निवडतात. माझ्या आईच्या टोळीत होत्या ऊसतोडीला. "तुझ्या आईसारखी धार कोयत्याला कुणी लावत नव्हतं," म्हणाल्या. मी काकांबद्दल कुरकुर केली तर हसल्या. "तो येडा हाय. रोज सकाळी मला इचारतो, छबुबाई, आज कुठं बसनार? मी जागा सांगितल्याबिगर गाडी चालू करत न्हाई."

मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज अख्खा ट्रक मी एकटीनं रिकामा केला. ट्रकवाल्यानं व्हिडिओ काढला. काका शेवटपर्यंत खांबाला टेकून उभे. शाबासकी नाहीच. एकदा भार जरा वर राहिला तेवढं मात्र दिसलं त्यांना. "चालताना भार जमिनीपासून एक वीत. तू डोक्यावर घागर घेऊन पळशील का? मग गाडीला कावून पळवतीस?"

नवऱ्याला व्हिडिओ पाठवला. हे सांगलीकडं कारखान्यावर ऊस ओढायच्या ट्रॅक्टरवर आहेत, पाडव्यानंतर येतील. फोनवर म्हणाले, "टोळीत सगळ्यांना दाखवला. मुकादम म्हणला, रामप्रसाद, आता तू तिच्या हाताखाली लाग." यांना एवढं हसताना मी लई दिवसांनी ऐकलं.

पुढच्या हंगामात मुकादमाकडं आमचा कोयता लिहायचा नाही, हे आमचं ठरलंय. कोयता म्हणजे आम्ही दोघं, जोडी. लेक वर्षाराणी तिसरीत आहे. तिला फडात न्यायचं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

विजयसिंह साहेबांनी ऑफिसात बोलावलं. ते मालकांचे पुतणे, गोदामाचा सगळा कारभार त्यांच्याकडं. आठ मार्चला माझा सत्कार ठेवलाय. तालुक्यातली पहिली महिला फोर्कलिफ्ट चालक. खरंच पहिली का, ते कुणी तपासलं नाही, मीही विचारलं नाही. गुरुवारी फोटोवाला येणार. साडी नेसून ये, म्हणाले.

काकांना सांगितलं. "साडीत गाडीवर बसू नको," एवढंच. जळतात, असं वाटलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जमेल तसं लिहिते.

फोटोवाल्यानं आधी उभ्या गाडीवर काढले. मग म्हणाला, "साहेब, मजा न्हाई येत. भार वर घ्या, गाडी चालती पाहिजे."

काका म्हणाले, "भार वर घेऊन गाडी हालवायची न्हाई."

"काका, पाच मिनिटांचं काम हाय," साहेब म्हणाले. "किल्ली द्या तिला."

काकांनी दिली. मी वीस पोती रचलेली लाकडी फळी उचलली, माझ्या डोक्याच्या वर नेली. पोती बांधलेली नव्हती. काका पुढं जाऊन हात पसरून हमालांना मागं सारत होते. "ताई, इकडं बघा, हसा," फोटोवाला म्हणाला. मी बघितलं. मी हसले. गाडी शटरकडं निघाली. पाणी जायच्या चरावरच्या जाळीवर पुढचं चाक चढलं आणि गाडीनं हिसका खाल्ला. मी घाबरून ब्रेक दाबला. वरच्या थरातली पोती डावीकडं सरकली.

छबुमावशी शटरच्या डाव्या अंगाला उभ्या होत्या. तिथं कशाला आल्या होत्या कुणास ठाऊक.

दोन पोती पडली. एक पायावर. काका धावले. मला पट्टा सोडता येईना. मावशी रडल्या नाहीत. "माझी चप्पल कुठं गेली," असं विचारत होत्या. पाय गुडघ्याखाली भलतीकडं वळलेला. टेम्पोत घालून नेलं.

साडीचं एक टोक ब्रेकजवळ अडकून फाटलंय. ते आत्ता दिसलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी कागद वाचून दाखवला. गाडी उभी होती. पोती हरिबानं नीट रचलेली नव्हती आणि रस्ता मोकळा ठेवला नव्हता. झाडणारी बाई कामाची जागा सोडून विनापरवानगी तिथं आली होती.

"साहेब, गाडी चालू होती," मी म्हणाले.

"आठ दिवसांवर कार्यक्रम हाय, सुनिता. तुझ्या हातून अपघात झाला असं बाहेर गेलं, तर ह्या जिल्ह्यात पुन्हा कुठली बाई गाडीवर बसेल का? तुझं तू बघ. पण बाकीच्या पोरींचा तरी विचार कर."

मी बाकीच्या पोरींचा विचार केला, असं मनाला सांगितलं, आणि सही केली. माझी सही सुरेख आहे. शाळेपासून सगळे म्हणतात.

काकांनीही केली. साहेब काही बोलायच्या आत म्हणाले, "तिचं लायसन नवं हाय." त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. डब्याची पिशवी घेऊन गेले. माझ्याकडं बघितलं नाही. नाहीतरी त्यांचं वय झालंच होतं. कधीतरी जायचेच होते.

हे लिहून बरं वाटायला हवं होतं.

२ मार्च, रविवार

दवाखान्यात गेले. मावशींच्या पायात सळई घातलीय. मला बघून त्यांनी उशीपाशी जागा केली.

"फोटो चांगला आला का गं?"

टोमणा असता तर सोसलं असतं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच बघायचा होता. मी मोबाइल काढला नाही. अजून दिला नाही म्हटलं. होता मोबाइलमध्ये.

त्यांचा मुलगा जीवन म्हणाला, "ताई, तुमी तिथंच होता ना? गोदामवाले म्हणतेत, आई आपल्या मनानं आत आली, म्हणून दवाखान्याचा खर्च आमच्याकडं न्हाई. कुणी बोलावलं नव्हतं म्हणं तिला."

मावशी माझ्याकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, मला निघायला पाहिजे, वर्षाराणीला शाळेतून आणायचंय.

आज रविवार आहे हे मला जिन्यात आठवलं.

८ मार्च, शनिवार

मंगल कार्यालय भरलं होतं. सासूबाई पहिल्या रांगेत, मांडीवर वर्षाराणी. स्टेजच्या मागं माझा फोटो, दहा फूट उंच. मोबाइलवर बघताना मी फक्त स्वतःकडं बघितलं होतं. तिथं सगळं दिसत होतं. भार वर, मी कॅमेऱ्याकडं बघून हसतेय, आणि गाडीच्या पुढं हरिबाकाका. त्यांचा हात वर आहे. पंजा पूर्ण उघडा. तोंड उघडं.

थांब म्हणत होते. मी बघितलंच नव्हतं.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाई माइकवर म्हणाल्या, "आणि बघा, ज्येष्ठ सहकारीसुद्धा हात उंचावून आपल्या या लेकीला शुभेच्छा देत आहेत!" टाळ्या पडल्या. शाल, नारळ, फुलझाडाची कुंडी. मी चार ओळी बोलले. साहेबांचे आभार मानले. ज्येष्ठ सहकाऱ्यांचेही मानले.

वर्षाराणी घरी येताना म्हणाली, "आई, ते आजोबा रागावलेत का?"

९ मार्च

काही नाही.

१९ मार्च, बुधवार

प्रशिक्षण केंद्रात नवीन तुकडी आलीय, बारा मुली. सोमेश्वर सरांनी मला बोलायला बोलावलं. विषय: गाडी सुरक्षित कशी चालवावी. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. एसटीत सगळे नियम मनात पुन्हा पुन्हा म्हटले.

मी सांगत गेले. पायी चक्कर मारा. मान वळवा. कोपऱ्यावर हॉर्न द्या. माणूस कुठं आहे ते कळल्याशिवाय किल्ली फिरवू नका. बोलता बोलता मला ऐकू आलं की हे सगळे शब्द हरिबाकाकांचे आहेत. चालताना भार एक वीत, असं म्हटलं तशी मागं बसलेल्या मुलीनं हात वर केला. तेजश्री नाव, गेवराईकडची.

"ताई, पण तुमी तर फोटोत भार वर घेतलाय की. आमी सगळ्यांनी तो स्टेटसला ठेवला होता. मी काल सरावाला तसाच घेतला तर सर लई चिडले. लई दिवस चालवलं की जमतं का तसं?"

बारा जणी वाट बघत होत्या. हो म्हटलं असतं तरी झालं असतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला असता, तेच वाईट होतं.

म्हटलं, "न्हाई जमत. तो फोटो काढल्यावर दोन-तीन सेकंदांत पोती पडली. एका बाईचा पाय मोडला. गाडी मी चालवत होते."

तेजश्रीनं मोबाइल ओढणीखाली झाकला, जणू चूक तिचीच. सर दाराशी उभे होते. नंतर बाहेर म्हणाले, "हे कागदावर आहे का?" मी म्हटलं, कागदावर दुसरंच आहे. ते म्हणाले, "मग तुम्ही अजून काहीच सांगितलं नाही, सुनिताबाई."

मला वाटलं होतं, बरं केलंस म्हणतील.

२० मार्च, गुरुवार

कामगार खात्याच्या साहेबांना अर्ज लिहायला बसले. पहिल्या ओळीपासून सगळं लिहायचं म्हणून ही वही मागं उलटून वाचली. सत्तावीस फेब्रुवारीला मी लिहिलंय, मावशी तिथं कशाला आल्या होत्या कुणास ठाऊक.

मला ठाऊक होतं. मी हाक मारली होती. गाडीवर चढताना. "मावशी, झाडू ठेवा की, या फोटो बघायला." त्या कोपऱ्यात बसल्या होत्या, काकांना सकाळी सांगितलेल्या जागी. माझ्यासाठी उठून आल्या.

कुणीच बघणार नाही अशा वहीतसुद्धा मी ते लिहिलं नव्हतं.

अर्जात लिहिलं. सही केली. टपालात टाकला. मग यांना फोन करून सांगितलं. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"मग मुकादमाकडं दोघांचं नाव देऊ का पुढच्या सालाला?"

मी म्हटलं, कळत नाही.

"मी टोळीत सगळ्यांना तो फोटो दाखवला, सुनिता," म्हणाले आणि फोन ठेवला.

२३ मार्च, रविवार

काकांच्या गावाला गेले, धारूरच्या घाटाच्या अलीकडं. ते शेळीच्या पिलाला बाटलीनं दूध पाजत होते. अर्जाचं सांगितलं. मला वाटलं होतं डोळ्यांत पाणी येईल, पाठीवर हात ठेवतील.

"तुला कुणी सांगितलं होतं?" म्हणाले.

"काका, तुमी माझ्यासाठी सही केली. मला झोप न्हाई."

"तुझ्यासाठी कावून करू? तू कोण माझी?" त्यांनी पिलू खाली ठेवलं. "मी तोंडानं न्हाई म्हणलो आन् हातानं किल्ली दिली. वीस सालात मी कुणाला असं करू दिलं न्हाई. इजयसिंहाच्या चुलत्यासमोर, त्याच्या बापासमोर न्हाई म्हणलोय. त्या दिशी दिली. का, तर पोरीचा फोटो हाय, आपुन आडवं आलो तर लोक म्हणतील म्हातारा जळतो."

मी खाली बघितलं.

"मला काडून टाकलं ते बरोबरच झालं. पोती वाईट रचली म्हणून न्हाई. तेवढं खोटं हाय, ते खोडलंस, चांगलं केलंस. पोती मी वाईट रचत न्हाई."

चहा घेतला. निघताना म्हणाले, "छबुबाईला सांगितलंस का, कागदावर काय हाय ते?"

नाही सांगितलेलं. अर्ज सरकारला लिहिला, नवऱ्याला सांगितलं, काकांना सांगितलं. तिचा पाय, आणि तिलाच नाही.

२८ मार्च, शुक्रवार

कामगार खात्याचे साहेब आले. माझा जबाब घेतला, हमालांचा घेतला. आधी सगळे एकमेकांकडं बघत होते, मग बंकट नावाच्या हमालानं तोंड उघडलं तसे बाकीचेही बोलले. फोटोही मागवून घेतला. काकांचा उघडा पंजा त्यांना लगेच कळला. शुभेच्छा वगैरे त्यांना दिसल्या नाहीत.

विजयसिंह साहेब नंतर मला म्हणाले, "तुला आमी वर आणलं."

हो म्हटलं. भारासकट.

असं मी म्हणाले नाही. घरी येताना सुचलं. तिथं मी नुसती मान हलवली.

मला कामावरून काढता येत नाही, चौकशी चालू आहे. पण गाडी बंद. बारदाना निवडायला बसवलंय, मावशींच्या जागेवर.

३ एप्रिल, गुरुवार

मावशी आता घरी आहेत. अंगणात बाज टाकलेली. मी सगळं सांगितलं, कागदावर काय होतं आणि खाली कुणाची सही होती. जीवन आत होता, तोही बाहेर येऊन उभा राहिला.

मावशी म्हणाल्या, "पाय मोडला त्याचं मी कुणाला काय म्हणले का? गाडी हाय, लोखंड हाय. व्हतं."

"न्हाई, मावशी. तुमी काहीच म्हणाला न्हाई."

"मी बिनइचारता आत आले, असं लिवलंस?"

"लिहिलेलं होतं. मी सही केली."

"तू हाक मारलीस. मी झाडू टाकून आले. दवाखान्यात तू आलीस तवा मी तुझ्याकडं बघत व्हते, आता सांगंल, आता सांगंल. पोरासमोर मी खोटी पडले, सुनिता. तो मला म्हणला, आई, तुला कशाला नसती हौस. म्हैनाभर मी ऐकून घेतलं. तुझं नाव घेतलं न्हाई. मला वाटलं पोरीचं नुकसान व्हईल."

मी त्यांच्या पायाला हात लावायला गेले. त्यांनी हात बाजूला केला, जोरात नाही, ताटावरची माशी हाकलावी तसा.

"जा. आईचं तोंड आठवतं मला तुझ्याकडं बघून. जा."

जीवन फाटकापर्यंत आला.

मी सांगून मोकळी होईन असं वाटलं होतं. मोकळी झाले नाही. आता फक्त सगळ्यांना माहीत आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

हे परत आलेत. आठ दिवस फोटोबद्दल अवाक्षर नाही. आज सकाळी सोबत गोदामापर्यंत चालत आले. शटरच्या आत वाकून बघितलं, जाळी कुठली, विचारलं. मी दाखवली. बराच वेळ त्या जाळीकडं बघत राहिले. म्हणाले, "मुकादमाला अजून नाव दिलेलं न्हाई." मग गेले.

१२ मे, सोमवार

निकाल लागला. मावशींच्या उपचाराचा खर्च गोदामानं करायचा, आणि त्यांचं काम त्यांना बसून करता येईल असं परत द्यायचं. जुना कागद रद्द. पोती नीट रचलेली होती असं नव्या कागदात लिहून घेतलं, काकांनी त्याची नक्कल मागवून घेतली. कामाला मात्र ते परत आले नाहीत. मला सोमेश्वर सरांसमोर पुन्हा परीक्षा द्यावी लागली. आजपासून पुन्हा गाडीवर, तीन महिने कुणीतरी खाली उभं राहील या अटीवर.

दुपारी मी फळी घेऊन शटरकडं येत होते, भार खाली. बाहेरून छबुमावशी आत येताना दिसल्या. दोन्ही हातांत चार पायांची स्टीलची काठी, बाजूला जीवन. जुनी हिरवी साडी. त्या दिवसानंतर पहिल्यांदा गोदामात.

मी गाडी थांबवली. भार जमिनीला टेकवला, ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. खाली उतरले नाही. उतरून काय करायचं ते कळलं नाही.

मावशी जाळीपाशी आल्या आणि थांबल्या. अंगणातून मला जा म्हटल्यानंतर पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"गाडी कावून बंद केलीस?"

"तुमी जाईपर्यंत."

"मला येळ लागंल."

"लागू द्या."

त्यांनी काठी जाळीच्या पलीकडं टेकवली, मग एक पाय, मग दुसरा ओढला. जीवननं धरायला हात पुढं केला तर त्याला नको म्हणाल्या. बाहेर दोन ट्रक उभे होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. विजयसिंह साहेब ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले, काय झालं म्हणून. मी तिकडं बघितलं नाही. मावशी भिंतीला धरून बारदान्याच्या ढिगापर्यंत गेल्या, खाली ठेवलेल्या खुर्चीवर बसल्या, पाय हातानं उचलून सरळ केला, पदर सारखा केला. मग मान वर केली.

"मी हितं बसले," मोठ्यानं म्हणाल्या. "आता चालव."